‘इथेच बनलेली’ बॅग: अकरा महिने वापरून आणि एक उसवून

आधी बॅगेचं सांगून टाकते, कारण बरेच जण तेवढंच वाचायला आले असणार. पाठीवरची बॅग, २२ लिटरची, गडद राखाडी. अकरा महिने रोज वापरतेय. शिवण पहिल्या प्रतीची. खांद्याचे पट्टे रुंद आहेत, दिवसभरात खांद्याला काचत नाहीत. डाव्या पट्ट्याची बक्कल मात्र हळूहळू घसरते. दर दोन-तीन दिवसांनी पट्टा ओढून घ्यावा लागतो. भर पावसात वीस मिनिटं चालले तर कापडातून पाणी येत नाही, टाक्यांच्या भोकांतून येतं. पुस्तकांच्या कडा ओलसर होतात, भिजत नाहीत. तिसऱ्या महिन्यात मुख्य चेनचा रनर सैल झाला. मागून चेन उघडायची, पुढे बंद झाल्यासारखी दिसायची. आणि एक खरा दोष: लॅपटॉपचा कप्पा थेट बॅगेच्या तळापर्यंत जातो. बॅग खाली ठेवली की लॅपटॉपचा कोपरा जमिनीवर आपटतो. ज्याने शिवली त्याने स्वतः त्यात लॅपटॉप ठेवून कधी ती धपकन खाली टाकली नसावी.

घ्यावी का? घ्या. आता त्या लेबलचं.

आतल्या खिशाच्या वर बोटभर रुंदीची पांढरी पट्टी शिवलीय. तिच्यावर काळ्या अक्षरांत ‘शंभर टक्के स्थानिक बनावट’. मी बावीस वर्षं आयात-निर्यातीची कागदपत्रं करण्यात घालवली आहेत. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, मूळदेशाचं प्रमाणपत्र, आणि कोणता माल कोणत्या हेडिंगखाली, म्हणजे कस्टम्सच्या कुठल्या क्रमांकाखाली, बसतो यावरून होणारे वाद. त्यामुळे ‘शंभर टक्के’ दिसलं की माझा हात आपोआप पेन शोधायला लागतो. नवी बॅग हातात आल्यावर लोक खिसे मोजतात. मी कोड मोजले. बाहेरचं लेप दिलेलं कापड ५९०३. पट्टे ५८०६. दोरा ५४०१. चेन ९६०७. प्लॅस्टिकची बक्कल ३९२६. हे सगळं एकत्र शिवलं की ४२०२, म्हणजे बॅग.

हे आकडे म्हणजे जागतिक कस्टम्स संघटनेची एचएस (हार्मोनाइज्ड सिस्टिम) पद्धत. १९८८ पासून लागू आहे, दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश ती वापरतात, आणि जगातली यच्चयावत वस्तू पाच हजारांवर गटांत बसवते. तिच्यात गमती पुष्कळ आहेत. कापडावरचा प्लॅस्टिकचा लेप नुसत्या डोळ्यांना दिसला तरच ते कापड ५९०३ मध्ये जातं. लेपामुळे नुसता रंग बदलला असेल तर तो धरायचा नाही. लेप दिसत नसेल तर तेच कापड साधं नायलॉनचं म्हणून ५४०७. मी आणि समोरचा अधिकारी एकाच तुकड्याकडे बघतोय, मला लेप दिसत नाहीये आणि त्यांना दिसतोय, असं अर्धा तास चाललेलं मला आठवतं. त्यांना चष्मा होता. मला तेव्हा नव्हता.

असो. मुद्दा असा की माल नेमका कुठला हे ठरवताना बरेच देश याच कोडांचा आधार घेतात. बाहेरून आलेल्या साहित्याचा कोड एक, तयार मालाचा दुसरा, आणि हा बदल तुमच्या हद्दीत झाला, तर माल तुमचा. मोठं रूपांतर शेवटी जिथे झालं तो त्याचा देश. नुसतं पॅकिंग, नुसतं लेबल चिकटवणं, वर्गवारी करणं याला रूपांतर म्हणत नाहीत. पण कापड कापून बॅग शिवणं? बहुतेक ठिकाणी चालून जातं. म्हणजे माझ्या बॅगेचं कापड, चेन, बकला, पट्टे, दोरा सगळं समुद्रापलीकडून आलं असेल तरी कागदावर ती इथलीच, आणि त्यात कुणी खोटं बोललेलं नाही. लबाडी असलीच तर ती ‘शंभर’ या शब्दात.

रनर बिघडला तेव्हा मी बनवणाऱ्याला मेल टाकली. नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्याच्या एकट्याचं नाही. दोन खोल्यांची कार्यशाळा, तो स्वतः आणि तीन शिवणाऱ्या बायका. त्याने बॅग कुरिअर करायला सांगितली, मी म्हटलं, घेऊनच येते. हे त्याला विचित्र वाटलं असणार.

खोलीत शिरल्या शिरल्या पहिली नजर मशीनवर गेली. जाड कापडाची, लांब हाताची, ड्युर्कोप आडलर. बीलेफेल्डचं जुनं जर्मन नाव. कंपनीची मालकी मात्र २००५ पासून शांघायच्या समूहाकडे आहे. तिच्यावर बसलेल्या बाई खांद्याच्या पट्ट्याचं टोक पक्कं करत होत्या: तीन टाके पुढे, तीन मागे, मग तिरपा चौकोन, मग त्यावर फुली. दोरा तोडायच्या आधी त्या दर वेळी पट्टा दोन्ही हातांनी झटकून ओढत होत्या. मी उभी होते तेवढ्या वेळात सोळा पट्टे झाले, सोळा वेळा ओढले. त्यातल्या एकाला त्या काही न बोलता बाजूला सरकवून उसवायला लागल्या. मला त्यात काही वाकडं दिसलं नव्हतं.

रनर त्याने चार मिनिटांत बदलला. चेनचं टोक उसवलं, जुना काढला, नवा ओवला, परत टाके मारले. चेन वायकेकेची होती. हे जपानी नाव, १९३४ मध्ये योशिदा तादाओंनी सुरू केलेली कंपनी. मी लगेच विचारलं, “ही जपानची ना?” तो हसला. वायकेकेचे कारखाने आणि कचेऱ्या सत्तरेक देश-प्रदेशांत पसरल्या आहेत. त्याला माल मिळतो तो सर्वांत जवळच्या कारखान्यातून. चेन तिथे बनते, रनरही तिथेच ओततात. म्हणजे बॅगेवर जे एकमेव परदेशी नाव ठळक दिसतं, ती वस्तू बाकीच्या साहित्यापेक्षा जवळून आलेली. आणि ज्या बकलेवर कुणाचंच नाव नाही, ती तीन बंदरं बघून आलेली. घसरते ती हीच.

मग मी त्याला तेच विचारलं जे बावीस वर्षं लोकांना विचारत आलेय. कापड कुठलं? तैवान. सूत कुठलं? गिरणीला माहीत. आणि गिरणीचं नायलॉन? त्याने खांदे उडवले. “ताई, मला माझ्या मागची एक पायरी माहीत असते. दुसरी विचारली तर समोरचा सांगत नाही, तिसरी त्यालाही माहीत नसते.”

मला हे उत्तर आवडलं, कारण मोठमोठ्यांचीही हीच गत आहे. ३१ मार्च २०१२ ला जर्मनीतल्या मार्ल गावात एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, दोन कामगार गेले. तिथे एक असं रसायन बनायचं ज्यापासून नायलॉनचा १२ क्रमांकाचा प्रकार होतो, आणि त्या नायलॉनच्या नळ्या गाड्यांच्या ब्रेक आणि इंधनाच्या मार्गांत वापरतात. जगभरच्या गाडी कंपन्या नळ्या वेगवेगळ्या पुरवठादारांकडून घेत होत्या, त्यामुळे आपण एकाच टोपलीत अंडी ठेवलेली नाहीत असं त्यांना वाटत होतं. चार-पाच पायऱ्या मागे गेल्यावर टोपली एकच निघाली. धावपळ झाली, पर्यायी प्लॅस्टिकच्या चाचण्या घाईने सुरू झाल्या. गाडी कुठे जोडली जाते, तिच्यावर कुठलं नाव आहे, याने काहीच फरक पडला नव्हता.

निघताना त्याने मला एक बाद झालेली बॅग दिली. अस्तराला डाग पडला होता, विकता येत नव्हती. “तुम्हाला एवढंच बघायचंय तर उसवा.” ते मी दोन संध्याकाळी केलं. उसवणीची सुई, चिमटा आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. तुकडे निघाले चौसष्ट. वजन असं भरलं: बाहेरचं कापड ३८८ ग्रॅम, फोम १७६, पट्टे १६४, अस्तर १४२, चेन आणि रनर ९७, बकला ७१, पाइपिंग (कडेची गोट) २९, दोरा १३, लेबल आणि किरकोळ ६. एकूण १,०८६ ग्रॅम. तेरा ग्रॅम दोऱ्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, हे मला उसवल्याशिवाय कधीच सुचलं नसतं.

त्यात इथलं काय? पाइपिंगचं सुती कापड इथल्या मागावरचं, आणि फोम इथल्या कारखान्यात फुगवलेला. दोन्ही मिळून २०५ ग्रॅम, म्हणजे जवळपास १९ टक्के. पण फोम ज्या रसायनांपासून होतो ती पिंपांतून बाहेरून येतात. ती वजा केली की उरतात २९ ग्रॅम पाइपिंग. शंभरातले पावणेतीन.

वजनाच्या काट्यावर बॅग परदेशी ठरली. मग मी वेळ धरला. कापणीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत एका बॅगेला साडेपाच तास लागतात, आणि ते सगळेच्या सगळे तास त्या दोन खोल्यांतले. या मापाने लेबल बरोबर, शंभर टक्के. तिसरं माप खर्चाचं. त्याने सांगितलं त्यानुसार साहित्यावर निम्म्याहून थोडं कमी जातं, बाकी मजुरी, भाडं, वीज आणि चुका. चुका त्याने वेगळ्या मोजल्या होत्या, हे मला फार आवडलं.

एकच बॅग, तीन काटे, तीन उत्तरं. आणि जगात कोण कुठला काटा वापरतं ते पाहिलं तर डोकं गरगरतं. ही बॅग अमेरिकेत बनली असती तर तिच्यावर नुसतं ‘मेड इन यूएसए’ लिहिता आलं नसतं. तिथे ‘संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण’ अशी कसोटी आहे आणि २०२१ पासून ती दंडाच्या नियमात बसवली आहे. कॅनडात ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’ म्हणायला थेट खर्चाचे ९८ टक्के देशातले लागतात, ‘मेड इन कॅनडा’ला ५१. पण त्या ५१ वाल्यांनी शेजारी आणखी एक वाक्य लिहायचं असतं, आयात केलेलं साहित्य वापरलंय अशा अर्थाचं. आमची बॅग तिथे काठावर पास. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०१७ पासून कारखानी मालाला उत्पादन खर्चाच्या ६० टक्क्यांची अट घातली, शिवाय मालाला रूप देणारं मुख्य काम तिथेच व्हायला हवं. संशोधनाचा खर्च त्यात धरतात, जाहिरातीचा आणि वाहतुकीचा नाही. या बॅगेचे त्याने अकरा नमुने शिवून फेकले होते. ते धरले तर कदाचित साठ गाठेल. काही व्यापार करार तर सुतापासून सुरुवात करतात: सूत, कापड, शिलाई, सगळं करारातल्या देशांतच. त्याला ‘यार्न फॉरवर्ड’ म्हणतात. तिथे तैवानच्या कापडाची ही बॅग सपशेल नापास.

जागतिक व्यापार संघटनेने १९९५ मध्ये ठरवलं होतं की सवलतीच्या करारांबाहेरच्या व्यापारासाठी मूळदेशाचे नियम सगळ्यांचे एकसारखे करायचे. मुदत तीन वर्षांची होती. ते काम अजून पुरं झालेलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे साहेब म्हणायचे, “थोडं थांबा, नवे नियम येतायत.” साहेब निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली.

लेबल लावायची सक्ती मुळात आली ती ग्राहकाला सावध करायला. ब्रिटनने १८८७ मध्ये मर्चंडाइज मार्क्स कायदा केला. स्वस्त जर्मन माल ब्रिटिश वाटावा अशा खुणा लावून येतो, तो ओळखू यावा म्हणून त्याच्यावर मूळ देशाचं नाव घालायला लावलं. झालं भलतंच. जर्मन कारखान्यांनी माल सुधारला, आणि ‘मेड इन जर्मनी’ हीच लोक शोधायला लागले ती खूण झाली. म्हणजे चटका द्यायला लावलेला डाग मिरवायची पदवी झाली. आजचं ‘स्थानिक’ लेबल बरोबर उलट्या वाटेने चाललंय असं मला वाटतं. मिरवायला लावतात, आणि थोडं खरवडलं की ग्राहकाला फसल्यासारखं वाटतं. वास्तविक फसण्यासारखं काही नसतंच.

कारण मला इथलं काय मिळालं ते मी मोजलंय. रनर बिघडला तर चार मिनिटांत बदलून देणारा माणूस. तीन वर्षांनी पट्टा तुटला तर त्याच्याकडे त्याच रंगाची पट्टी असेल-नसेल, पण त्याच मापाचा कागदी नमुना खिळ्याला लटकलेला असेल. मी तो पाहिलाय. पट्टा ओढून बघणाऱ्या बाई. आणि लॅपटॉपच्या कप्प्याबद्दल तक्रार केली तर ‘तुमचा अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा आहे’ असं उत्तर न येता “अरेच्चा, खरंच की” असं उत्तर. तैवानचं कापड त्यात कुठेच आड येत नाही. उलट ते कापड चांगलं आहे, म्हणूनच अकरा महिने टिकलंय. आधी त्याने इथल्या गिरणीचं कापड वापरून पाहिलं होतं, लेप सहा महिन्यांत सुटायला लागला. स्थानिकपणाच्या हट्टापायी तो तेच वापरत बसला असता तर मी हे लिहीत नसते, बॅग परत पाठवत असते.

उलट प्रकारही मी पाहिलेत. तयार बॅगा येतात, फक्त खांद्याचे पट्टे अडकवायचे बाकी. पट्टे इथे अडकवले, आतलं लेबल इथे शिवलं, आणि जाहिरातीत ‘आपल्या माणसांनी बनवलेली’. अशी एक फाइल माझ्या टेबलावरून गेली होती. पॅकिंग लिस्टमध्ये बॅगा आणि पट्टे वेगवेगळ्या ओळींत होते, संख्या मात्र हुबेहूब जुळणारी, पट्टे बॅगांच्या बरोबर दुप्पट. अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: पट्टा अडकवायच्या आधी ही काय होती? बॅगच होती. ४२०२ आत आली, ४२०२ बाहेर गेली. कोड हललाच नाही.

बाद बॅगेचं लेबल उसवून मी उलट बाजू पाहिली, सवयीने. विणलेली लेबलं गुंडाळीने येतात. मी त्याला फोन केला, ही कुठून मागवता? थोडा वेळ शांतता. “बाहेरूनच. इथे एवढ्या कमी संख्येत कुणी विणून देत नाही.” मग तोच म्हणाला, “ताई, आता हे लिहू नका.” मी म्हटलं, लिहिणार, पण नाव नाही घालणार.

त्याच फोनवर मी त्याला माझं वाक्य सुचवलं: आराखडा, कापणी, शिवण आणि दुरुस्ती इथे, कापड, चेन आणि बकला बाहेरून. त्याची भीती रास्त होती. शेजारच्या बॅगेवर ‘शंभर टक्के’ असताना आपण ‘बाहेरून’ हा शब्द छापला तर आपलीच बॅग खाली ठेवतील. खरं बोलण्याचा दंड एकट्यानेच का भरायचा? माझ्याकडे याला चोख उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की ‘दुरुस्ती इथे’ हे शेजारच्याला छापता येणार नाही.

गेल्या आठवड्यात त्याने नव्या खेपेतल्या लेबलचा फोटो पाठवला. ‘कापणी, शिवण, दुरुस्ती: इथे. कापड, चेन: बाहेरून.’ दुसऱ्या ओळीची अक्षरं पहिलीच्या निम्मी आहेत आणि बकला गाळल्यात. मी तसं कळवलं. घसरणारी बक्कल त्याने बदललीय म्हणे, नवी दातेरी आहे. लॅपटॉपच्या कप्प्याचा तळ अजून दोन सेंटिमीटर वर घेतलेला नाही. तो घेतला की दुसरी मागवणार आहे, भाचीसाठी.